दहिसरचा टोल गेला, टॅग मात्र राहिला

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. दहिसर, एलबीएस मार्गावरचा मुलुंड, पूर्व द्रुतगती मार्गावरचा आनंदनगर, ऐरोली आणि वाशी, कुठूनही शहराबाहेर पडा, खासगी कारला पैसे नाहीत. मालाडच्या गाडीमालकाला या सवलतीचा फायदा रोजचा आहे, कारण मीरा रोड-भाईंदर काय किंवा वसई-विरार काय, वाट दहिसरवरूनच जाते. पण याच सवलतीने एक नवी अडचण उभी केली, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पूर्वी काचेवरचा फास्टॅग आठवड्यातून एकदोनदा तरी वाचला जायचा. शिल्लक कमी झाली की एसएमएस यायचा, टॅग काचेवरून सुटत आला असेल तर नाक्यावर लगेच कळायचं, बँकेने काही कागद मागितले असतील तर तेही कानावर पडायचं. आता हा टॅग महिनोन्‌महिने कुणी वाचत नाही. तो बिघडतो तेव्हा गाडी इमारतीखाली उभी असते. बिघडल्याचं कळतं ते सुट्टीच्या दिवशी, मागे रांग लागलेली असताना. म्हणून ज्यांचा टोल वाचला त्यांनीच टॅगकडे आधीपेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं. उलटं वाटेल, पण हिशेब तेच सांगतो.

मालाडहून निघालेल्या गाडीची टोलशी पहिली गाठ कुठे पडते ते पाहू. गुजरातच्या दिशेला वसई ओलांडल्यावर खानिवडे, पुढे चारोटी. हे राष्ट्रीय महामार्गाचे नाके. पुण्याला जाताना द्रुतगती मार्गावर खालापूर. दक्षिण मुंबईला जाताना वांद्रे-वरळी सागरी सेतू, उरण-पनवेलकडे जायचं तर अटल सेतू. यातले खानिवडे-चारोटी सोडले तर बाकीचे रस्ते राज्याच्या यंत्रणांकडे आहेत, आणि नियम दोन्हीकडे सारखे नाहीत. राज्याच्या नाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. टॅग नसेल किंवा चालत नसेल तर दुप्पट रक्कम. राष्ट्रीय महामार्गावर १५ नोव्हेंबर २०२५ पासून थोडी सूट मिळाली: यूपीआयने दिले तर दुप्पटऐवजी सव्वापट. द्रुतगती मार्गाचा कारचा दर एप्रिल २०२३ पासून ३२० रुपये आहे, म्हणजे बंद पडलेल्या टॅगची एका फेरीची किंमत आणखी ३२० रुपये. सागरी सेतूचे १०० चे २०० होतात. ‘यूपीआय आहे की खिशात, टॅग कशाला?’ असं म्हणणाऱ्यांनी हे गणित करावं. सव्वापटीची सवलत राष्ट्रीय महामार्गाची आहे. मालाडकराच्या नेहमीच्या वाटेवरचे मोठे टोल राज्याचे आहेत.

बहुतेक गोंधळ टॅगला काचेवरची पट्टी समजल्यामुळे होतो. पट्टी ही त्याची सर्वांत कमी महत्त्वाची बाजू. खरी गोष्ट म्हणजे बँकेतलं एक खातं, जे एका गाडीच्या क्रमांकाशी बांधलेलं असतं. नाक्यावरचं यंत्र पट्टीवरचा ओळखक्रमांक वाचतं, तो राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या म्हणजे एनपीसीआयच्या यंत्रणेकडे जातो, तिथून टॅग देणाऱ्या बँकेकडे, आणि पैसे कापले जातात. या साखळीत गाडीचा क्रमांक, चेसिस नंबर, वाहनाचा वर्ग, मालकाची केवायसी आणि शिल्लक यांपैकी एखादी गोष्ट जुळली नाही तरी नाक्यावर दिवा लाल होतो. पट्टी चकाचक असून उपयोग नाही. त्यामुळे टॅग ‘बसवणं’ म्हणजे निम्मं काम चिकटवण्याचं आणि निम्मं नोंदी नीट करण्याचं. शोरूमवाला पहिलं करून देतो. दुसरं आपल्याकडे राहतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते राहूनच जातं.

आधी चिकटवण्याचं. टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरच्या अँटेनातून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी येतात, त्यांच्याच ऊर्जेवर आतली चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. ही देवाणघेवाण फार क्षीण असते, म्हणून जागेला महत्त्व. पुढच्या काचेच्या आतल्या बाजूने, वर मध्यभागी, आरशाच्या मागे ही ठरलेली जागा. अँटेना वर असतो, त्याला तिथून टॅग सरळ दिसतो. काच आधी कोरड्या कापडाने पुसून घ्यायची, धूळ किंवा क्लीनरचा ओशटपणा राहू द्यायचा नाही, आणि एकदाच नीट दाबून लावायचा. टॅग मुद्दाम असा बनवलेला असतो की उपटला की आतली तार तुटते. ‘जरा डावीकडे घेऊ’ म्हणून सरकवलेला टॅग संपला समजा. काही गाड्यांच्या काचेवर उष्णता परतवणारा धातूचा पातळ थर असतो. अशा काचेत आरशाजवळ ठिपक्याठिपक्यांचा एक पट्टा टॅगसाठी मोकळा सोडलेला असतो, टॅग तिथेच लागायला हवा. धातू लहरी अडवतो, त्यामुळे धातूयुक्त फिल्मच्या आड टॅग असेल तर नाक्यावरचा माणूस हातातलं मशीन काचेला टेकवून वाचायचा प्रयत्न करतो आणि मागचे हॉर्न वाजवतात.

उपनगरातल्या गाड्यांच्या काचा ही एक स्वतंत्र अडचण आहे. सोसायटीच्या गेटचा टॅग, ऑफिसच्या पार्किंगचा टॅग, मागच्या वर्षीचा सोसायटीचा स्टिकर, एखादी देवाची तसबीर, आणि या सगळ्यांच्या गर्दीत फास्टॅग. माइंडस्पेसमध्ये नोकरी आणि एव्हरशाईननगरमध्ये घर असेल तर काचेवर दोनतीन टॅग सहज होतात. त्यांतले गेटचे टॅगही अनेकदा अशाच लहरींवर चालतात, म्हणून ते फास्टॅगला चिकटून किंवा एकावर एक लावू नयेत. हातभर अंतर राहू द्यावं. जुन्या बँकेचा बंद झालेला फास्टॅग तर काढूनच टाकावा. ‘एक वाहन, एक फास्टॅग’ हा नियम झाल्यापासून नवा टॅग घेतला की आधीचा बंद होतो, पण काचेवर मेलेला टॅग राहिला तर यंत्र तोही वाचू शकतं. पेटीएम पेमेंट्स बँकेचे टॅग ज्यांच्याकडे होते त्यांना हे विशेष लागू: रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांमुळे १५ मार्च २०२४ नंतर त्या टॅगमध्ये पैसे भरता येत नाहीत, तरी ती पट्टी काचांवर अजून दिसते.

टॅग हातात धरून दाखवण्याची सवय अनेकांना सोयीची वाटते. घरात दोन गाड्या, एक टॅग, जी गाडी काढली तिच्या डॅशबोर्डवर ठेवायचा. पूर्वी हे खपून जायचं. आता त्यामागचं खातं एकाच क्रमांकाचं असल्याने कॅमेऱ्यातली नंबरप्लेट आणि टॅगवरचा क्रमांक जुळत नाही, आणि जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने सुटे टॅग काळ्या यादीत टाकण्याचं धोरण जाहीर केलं. या कडकपणावर एक आक्षेप आहे आणि तो अगदीच गैरवाजवी नाही: पैसे माझ्या खात्यातून जात आहेत, मग टॅग कुठे का असेना? पण हातात तिरका धरलेला टॅग उशिरा वाचला जातो, कधी पुढच्या गाडीच्या पाळीत वाचला जातो, आणि मग एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर पडतात. त्या चुकीचा त्रास टॅग नीट लावणाऱ्यालाही होतो. दोन गाड्यांना दोन टॅग, हाच त्यावरचा उपाय. टॅगचं शुल्क १०० रुपयांपर्यंत असतं, अनामत परत मिळते; एकाच टॅगवर भागवून फार वाचत नाही.

आता नोंदींचं. १ डिसेंबर २०१७ पासून नव्या चारचाकीला टॅग लावूनच द्यावा लागतो. पण गाडी शोरूममधून निघते तेव्हा तिला कायमचा क्रमांक नसेल तर टॅग चेसिस नंबरवर निघतो. बोरिवली किंवा अंधेरीच्या आरटीओतून क्रमांक आला, प्लेट लागली, पेढे वाटून झाले, पण टॅगच्या खात्यात तो क्रमांक चढवायचा कुणाच्या लक्षात राहत नाही. त्यासाठी ९० दिवसांची मुदत आहे. ती उलटली की टॅग अडकतो. काम दहा मिनिटांचं आहे: टॅग देणाऱ्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर आरसीचा फोटो चढवायचा. त्याच वेळी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. एक म्हणजे वाहनाचा वर्ग. कारचा वर्ग ४ असतो आणि टॅगचा रंग जांभळा. वर्ग चुकीचा पडला तर प्रत्येक नाक्यावर चुकीचे पैसे कापले जातील आणि ते बरोबरच आहे असं यंत्राला वाटत राहील. दुसरी गोष्ट मोबाइल नंबर. शोरूममधल्या माणसाने घाईत स्वतःचा किंवा तुमचा जुना नंबर टाकलेला असू शकतो. एसएमएस दुसरीकडे जात असेल तर खातं तुमचं असूनही तुम्हाला त्याची खबर नाही. शोरूमचा टॅग कोणत्या बँकेचा आहे हेच पुष्कळांना सांगता येत नाही. निदान ते आजच काचेवर पाहून घ्यावं.

शिल्लकीचा विषय लोकांना सर्वांत सोपा वाटतो, आणि फसगत तिथेच होते. रांगेत उभं राहून फोनवरून पैसे भरले की झालं, अशी समजूत आहे. एनपीसीआयने १७ फेब्रुवारी २०२५ पासून लागू केलेल्या नियमानुसार, टॅग वाचला जाण्याआधी ६० मिनिटांपेक्षा जास्त काळ आणि वाचल्यानंतर १० मिनिटांपर्यंत तो काळ्या यादीत असेल तर व्यवहार नाकारला जातो. यावर ओरड झाली तेव्हा प्राधिकरणाने खुलासा केला की राष्ट्रीय महामार्गांवरचे नाके टॅगची स्थिती त्या क्षणी तपासणाऱ्या नव्या प्रणालीवर आहेत, त्यामुळे तिथे नाक्याआधी रिचार्ज केलं तरी चालतं. मात्र राज्य महामार्गांवरचे काही नाके अजून जुन्या प्रणालीवर आहेत, जिथे यादी ठरावीक वेळाने येते. मालाडकराचे मोठे टोल राज्याच्या रस्त्यांवर, हे वर आलंच. त्याने रांगेतल्या रिचार्जवर विसंबू नये. निघायच्या आदल्या रात्री बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक आणि टॅगची स्थिती दोन्ही पाहावं. शिल्लक पाचशे असली तरी स्थिती ‘ब्लॅकलिस्ट’ असू शकते, कारण केवायसी अर्धवट असली किंवा नोंदी जुळल्या नाहीत तरी टॅग त्या यादीत जातो.

इथे एक रास्त हरकत येते. वर्षातून चारपाच वेळा टोल भरणाऱ्याने आपले पैसे बँकेकडे बिनव्याजी का ठेवावेत? जास्त ठेवू नयेतच. कारसाठी ठरावीक किमान शिल्लक ठेवण्याची सक्ती प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२१ मध्येच काढून टाकली. पुण्याला जाऊन येण्याचे ६४० आणि थोडं वर, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. ज्यांना लक्ष ठेवायचं नाही त्यांच्यासाठी आपोआप भरण्याची सोय आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने फास्टॅगला ई-मॅन्डेटच्या चौकटीत घेतलं, म्हणजे शिल्लक तुम्ही ठरवलेल्या रकमेखाली गेली की खात्यातून ठरलेले पैसे टॅगमध्ये जातात. पण रोजचा टोल नसलेल्याने ही सोय सुरू करून निर्धास्त होऊ नये. मॅन्डेट डेबिट कार्डावर दिलेला असेल तर कार्डाची मुदत संपली की तोही थांबतो, आणि पुन्हा तेच: कळणार खालापूरला.

वार्षिक पासबद्दल उपनगरात बरीच उत्सुकता आहे. १५ ऑगस्ट २०२५ ला तो ३,००० रुपयांत सुरू झाला: खासगी कारला एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. त्या किमतीत सगळ्या फेऱ्या वापरल्या तर नाक्यामागे १५ रुपये पडत, म्हणून तो फारच स्वस्त दिसतो. पण फेरी म्हणजे एक नाका एकदा ओलांडणं, आणि पास फक्त राष्ट्रीय महामार्ग व राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, सागरी सेतू, अटल सेतू यांपैकी एकाही ठिकाणी तो उपयोगाचा नाही. मालाडहून साताऱ्याला जाणाऱ्याची गंमत पाहा: खालापूरला पैसे टॅगच्या शिल्लकीतून जातील, पुण्यापुढे खेड-शिवापूर आणि आनेवाडीला पासची एकेक फेरी कापली जाईल. पास आहे म्हणून शिल्लक रिकामी ठेवली तर गाडी पहिल्याच नाक्यावर अडेल. महिन्यातून दोनतीनदा पालघर, डहाणू, वापी किंवा नाशिकला जाणाऱ्याने पास जरूर घ्यावा. बाकीच्यांनी मागच्या वर्षीचं टॅगचं स्टेटमेंट काढून राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यांची बेरीज करावी. ती पासच्या किमतीच्या जवळपासही गेली नाही तर पास विसरावा. पास राजमार्गयात्रा ॲपवरून किंवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरूनच घ्यायचा, आणि चेसिस नंबरवरच्या टॅगला तो मिळत नाही. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचा हिशेब वेगळा आहे: अटल सेतू, पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर त्यांना ऑगस्ट २०२५ पासून टोलमाफी लागू झाली.

सर्वांत गंभीर आक्षेप चुकीच्या कपातीचा. गाडी इमारतीखाली उभी आणि मोबाइलवर भलत्याच नाक्याचा एसएमएस, अशा तक्रारी खोट्या नसतात. टॅग वाचला गेला नाही की नाक्यावरचा कर्मचारी गाडीचा क्रमांक हाताने टाकतो, आणि एक आकडा चुकला की टोल दुसऱ्याच्या माथी. प्राधिकरणाने अशा प्रत्येक चुकीसाठी टोलवसुली करणाऱ्यांना एक लाख रुपये किंवा त्याहून जास्त दंड करायला सुरुवात केली ती यामुळेच. पण यातून ‘टॅगच नको’ हा निष्कर्ष निघत नाही. चूक शोधता येते आणि पैसे परत मिळवता येतात ते या व्यवहाराची नोंद राहते म्हणून. रोखीत जास्त घेतलेले पन्नास रुपये कुठे मागायला जाणार? एसएमएस, तारीख-वेळ आणि त्या वेळी गाडी दुसरीकडे होती याचा काही पुरावा, जसा सोसायटीच्या गेटचा कॅमेरा किंवा पार्किंगची पावती, जपून ठेवावा आणि तक्रार आधी टॅग देणाऱ्या बँकेकडे करावी, कारण पैसे तिच्याकडच्या खात्यातून गेले आहेत. नाका राष्ट्रीय महामार्गाचा असेल तर १०३३ या हेल्पलाइनवरही नोंद करता येते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला शुल्क नाही. आणखी एक नियम चालकांनी पाठ करावा असा आहे: ७ मे २०१८ च्या अधिसूचनेनुसार राष्ट्रीय महामार्गावर तुमचा टॅग चालू असेल, शिल्लक पुरेशी असेल आणि नाक्याचंच यंत्र बंद असेल, तर गाडी विनाटोल सोडावी लागते आणि शून्य रकमेची पावती द्यावी लागते. हे शांतपणे सांगता यायला हवं, आणि सांगताना फोनवर टॅगची स्थिती दाखवता यायला हवी. आदल्या रात्री पाहिलेलं ॲप इथे कामाला येतं.

सिग्नलवर काच पुसणारा मुलगा हातातल्या घड्याळाने टॅग स्कॅन करून पैसे चोरतो, हा २०२२ चा व्हिडिओ अजून सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत असतो. तसं होऊ शकत नाही. पैसे फक्त नोंदणीकृत नाक्याच्या किंवा पार्किंगच्या यंत्रणेकडे, ठरलेल्या सर्व्हरमधूनच जातात; एनपीसीआयने तेव्हाच हे स्पष्ट केलं होतं. खरी फसवणूक याहून साधी असते: ‘तुमचा फास्टॅग बंद झाला, या लिंकवर केवायसी करा’ असा संदेश, किंवा शोधल्यावर सर्वांत वर आलेला बनावट हेल्पलाइन नंबर. बँकेचा क्रमांक तिच्या ॲपमधूनच घ्यावा.

नाक्यावरचा अडथळा हळूहळू जाणारच आहे. अहमदाबाद महामार्गावर सुरतेपाशी चोऱ्यासी इथे बिनअडथळ्याच्या टोलवसुलीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये करार झाला. तिथे कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, यंत्र टॅग वाचतं, गाडी थांबत नाही. अटल सेतूवरही उघड्या रस्त्यावरच टॅग वाचला जातो. अशा ठिकाणी बंद टॅगमुळे कुणी अडवणार नाही, मागाहून नोटीस येईल. नंबरप्लेट स्पष्ट असणं आणि टॅगच्या नोंदी तिच्याशी जुळणं याला त्यामुळे आणखी वजन येतं.

राहता राहिली गाडी विकण्याची वेळ. आरसीच्या हस्तांतराची, विम्याची काळजी सगळे करतात आणि काचेवरचा टॅग तसाच सोडून देतात. खातं तुमच्या नावावर, मॅन्डेट तुमच्या बँकेवर आणि गाडी दुसऱ्याच्या ताब्यात, म्हणजे त्याच्या नाशिकवारीचा टोल तुम्ही भरणार. उलट तो भला माणूस असला आणि स्वतःचा टॅग घ्यायला गेला, तर आधीच्या नोंदीमुळे त्याचंही काम अडू शकतं. किल्ली देण्याआधी बँकेच्या ॲपमधून टॅग बंद करण्याची विनंती टाकावी, मॅन्डेट रद्द करावा, टॅग काचेवरून खरवडून काढावा आणि उरलेली शिल्लक व अनामत खात्यात जमा होईपर्यंत विनंतीचा क्रमांक सांभाळून ठेवावा.